तांब्यावरचं नाव

जयपूर, ७ मे १९६१

चि. सौ. वीणास,

अनेक आशीर्वाद.

मायना वाचून तू पाकीट पुन्हा उलटून पाहशील, पत्र नक्की सासूचंच आहे ना म्हणून. माझंच आहे. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून आम्ही तुझं नाव विजयालक्ष्मी ठेवलं आणि तीन वर्षं मी तुला त्याच नावाने हाका मारल्या. तू ओ द्यायचीस, पण नेहमी जरा उशिराने. तो उशीर मला उद्धटपणा वाटायचा. पत्रात तरी तुला लगेच ओ देता यावी म्हणून वीणा लिहिलं आहे.

भाऊबीजेला म्हणून नागपूरला गेलीस त्याला आता सहा महिने होऊन गेले. माझ्या पत्रांना तू उत्तर देत नाहीस. तुझे बापू देतात, तेही कार्डावर, 'इकडील सर्व कुशल' एवढंच. मास्तर माणूस, अक्षर सुरेख, पण शब्द जपून वापरतात. तेव्हा उत्तराच्या आशेने मी लिहीत नाही, असं मनाला बजावून बसले आहे. मन ऐकतं असं नाही.

बातमी अशी की मी शाळेत जाऊ लागले आहे. हसू नकोस. चांदपोलजवळच्या कन्याशाळेत उन्हाळी सुट्टीत हस्तकलेचं शिबिर भरलं आहे. एका खोलीत भरतकाम, एका खोलीत बांधणी आणि मागच्या पडवीत पितळेवरची नक्षी. भरतकामाला बायकांची झुंबड. पडवीत आम्ही चारदोनजणी. या वयात हे काय शिकता, असं कुणी विचारलं तर मी सांगते, नवीन शिकायला नाही आले, गंजलेलं घासून घ्यायला आले आहे.

माझं माहेर नाशिकचं, तांबटांचं, हे तुला ठाऊक आहे. पण लग्नाआधी आमच्या दुकानात भांड्यांवर नावं मी घालत असे, हे तुला कधी सांगितलं नाही. वडिलांचा हात हातोड्याला सरावलेला, अक्षरं काढायला गेले की कोंबडीचे पाय उमटायचे. माझी चौथीपर्यंत शाळा झालेली, म्हणून छिन्नी माझ्याकडे आली. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून मला फळीच्या आडोशाला बसवत. गावात कुणाच्या लग्नाची भांडी आली की नवरीचं नवं नाव तिच्याआधी मला कळायचं. मला त्याची भारी मिजास होती.

तर तीच विद्या पुन्हा हातात येते का बघते आहे. दुपार जाता जात नाही म्हणून जाते, दुसरं काही कारण नाही.

उमाकांत बरा आहे. बँकेत काम फार. तुझी आठवण काढतो.

रत्नप्रभा


जयपूर, १९ मे १९६१

चि. सौ. वीणास आशीर्वाद.

लूचे गरम वारे सुरू झाले. वाळ्याच्या पडद्यावर सकाळपासून तीनदा पाणी मारलं तरी घर भट्टीच. तशातच डोक्यावर ओला पंचा टाकून मी टांग्याने शिबिराला जाते. बनीपार्कातल्या बायका गच्चीवरून बघतात. बघू देत.

आमचे मास्तर गुलाबचंदजी. दाढीला मेंदी, अंगात मलमलचा झब्बा, आणि स्वतःच्या हातावर भलतेच खूश. जगातल्या प्रत्येक पितळी वस्तूवर मोर असावा असं त्यांचं मत आहे. मी तांब्यावर पेन्सिलीने अक्षरं आखायला घेतली तर म्हणाले, "माँजी, मोर बनाइये. मोर बिकता है. नाम कौन खरीदेगा?"

मी म्हटलं, "हमारे यहाँ बिना नाम का बर्तन बेटी के साथ नहीं जाता, भैया."

"क्यों, रास्ते में खो जाता है?"

बायका हसल्या. मीही हसले. पण छिन्नी घेऊन बसले तेव्हा हसू पळालं. हात थरथरतो ग. तीस वर्षं पोळ्या लाटून तो वेगळाच होऊन बसला आहे. हातोडीचा ठोका हलका पडला तर रेघ उमटत नाही, जरा जोर दिला की छिन्नी घसरते. अंगठा दोनदा फुटला. घरी उमाकांतने चिंधी पाहिली, पण विचारलं नाही.

आमच्यात मधुमती म्हणून एक आहे, इथल्या इस्पितळातल्या आपल्या मराठी डॉक्टरांची बायको. बोलकी आहे, मनात काही ठेवत नाही. तिची धाकटी बहीण नागपूरला तुमच्याच आळीत राहते. तिने सरळ विचारलं, "रत्नप्रभाताई, सूनबाई कधी येणार मग?" मी म्हटलं, "तिच्या आईची तब्येत बरी नाही, म्हणून थांबली आहे." तुझ्या आईला उगाच आजारी पाडलं. देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

आणि ही शाळा कोणती, ते तू ओळखलंच असशील. मागच्या वर्षी तुला नोकरी दिलेली तीच. तुझ्या हातात नेमणुकीचा कागद होता, मी म्हटलं होतं आधी घरचं बघ, आणि उमाकांतने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. परवा मुख्याध्यापिकाबाई पडवीत आल्या. तुमच्या सूनबाई का आल्या नाहीत, असं विचारलं. मी सांगितलं, तिला बाहेरची कामं आवडत नाहीत. असं का सांगितलं ते माझं मलाच कळत नाही. बाई गेल्यावर मला त्या दिवशी काम सुचेना.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की उमाकांत तुझी आठवण काढतो. तो काढत नाही. निदान माझ्यापुढे नाही. जेवतो, ताट स्वतः विसळून ठेवतो, पुन्हा बाहेर पडतो. बँकेत काम फार म्हणतो. तो तुला विसरत चालला आहे की काय, अशी मला धास्ती वाटते. म्हणून जे करायचं ते मलाच केलं पाहिजे.

रत्नप्रभा


जयपूर, ४ जून १९६१

चि. वीणास आशीर्वाद.

हे पत्र टपालाने नाही, मधुमतीच्या हाती येतं आहे. ती बहिणीकडे आठ दिवस राहायला निघाली आहे. पत्राबरोबर फडक्यात बांधलेला तांब्या आहे. आधी तो बघ, मग पुढे वाच.

ओळखलास का? लग्नात तुला आमच्याकडून दिलेल्या भांड्यांतला हा पहिला. तू रोज रात्री उशाशी पाणी भरून ठेवायचीस तोच. त्यावर नाशिकला माझ्या भावाने घातलेलं नाव होतं, सौ. विजयालक्ष्मी उमाकांत वडनेरकर, एवढी लांब ओळ. ती मी काढून टाकली. सबंध.

नाव घालण्यापेक्षा नाव काढणं अवघड असतं, हे गुलाबचंदजींनाही पटलं. आधी तांब्यात राळ वितळवून भरली, म्हणजे ठोक्याने पोचा येत नाही. मग पोलादी पात्याने अक्षरं खरवडली. वरवर गेली, पण खोल रेघा तशाच. त्या निघेपर्यंत खरवडत राहिले, कुरुंदाच्या दगडाने घासलं, राख लावली, चिंच लावली. राळ काढून आतून हलक्या हाताने ठोकून पृष्ठ सारखं केलं. सगळे दिवस त्यातच गेले. गुलाबचंदजी येऊन जाऊन म्हणायचे, "माँजी, नया लोटा ले लो, क्यों जान दे रही हो." मी म्हटलं, नवा नको, हाच पाहिजे.

आणि मग तुझं नाव घातलं, तुझं स्वतःचं. हात या वेळी थरथरला नाही. उजेडात धरून बघ, वेलांटी कशी वळली आहे. माझ्या वडिलांच्या दुकानातसुद्धा याहून चांगलं अक्षर माझ्या हातून उतरलं नव्हतं, हे मी गर्वाने लिहिते आहे.

मला तोंडाने बोलता येत नाही. चूक झाली असं म्हणायला गेले तर जीभ वळते ती दुसऱ्याच चुकीकडे, आणि ती समोरच्याची असते. तू हे तीन वर्षं पाहिलं आहेस. म्हणून हाताने केलं. बाकीची सगळी भांडी माळ्यावर आहेत, तीही एकेक करून घेईन.

आंबे संपायच्या आत ये. उमाकांतला यातलं मी काही सांगितलेलं नाही. तू दारात उभी राहशील तेव्हा त्याला कळू दे.

रत्नप्रभा


जयपूर, २५ जून १९६१

चि. सौ. वीणा,

हे पत्र तू उघडशील का, माहीत नाही. बापूंनी तरी उघडून तुला वाचून दाखवावं.

काल उमाकांत भर दुपारी बँकेतून घरी आला. तुझं पत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "आई, हे तू केलंस?" त्याच्या तोंडून एवढ्या मोठ्या आवाजात काही मी लहानपणापासून ऐकलं नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. होळीपासून तुम्ही एकमेकांना लिहीत आहात. तुझी पत्रं बँकेच्या पत्त्यावर येत होती. जुलैत शाळा उघडते म्हणून तू दोन तारखेला निघणार होतीस. त्याने मुख्याध्यापिकाबाईंना भेटून तुझी जागा पक्की केली होती, मी त्यांना नाही नाही ते सांगून ठेवलेलं असूनही. स्टेशनरोडला दोन खोल्या घेतल्या होत्या, चुना लावून घेत होता. संध्याकाळी बँकेतलं काम म्हणायचा ते हे होतं. मला कळवायचं ठरलं होतं ते तू आल्यावर, दोघांनी मिळून, माझ्यासमोर बसून.

आणि तांब्या तुझ्या हातात पडला.

तू त्याला लिहिलं आहेस, "आमच्या घरात भांड्यावरचं नाव एकदाच खरवडलं गेलं. आत्याला नवऱ्याने टाकलं तेव्हा तिची भांडी अशीच परत आली होती, घासूनपुसून. तुमच्या आईंनी माझ्या नावामागचं सौ. काढलं, तुमचं नाव काढलं, आडनाव काढलं, आणि मला वीणा करून परत पाठवलं. तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. एकाच घरात राहता." माझं पत्र मधुमतीने हातात दिलंच नाही का, असं मी आधी विचारलं. दिलं होतं. पण आधी तांब्या बघ, मग वाच, असं मीच लिहिलं होतं. तू तांब्या बघितलास आणि पत्र तसंच बापूंकडे दिलंस.

वीणा, आता मी सांगते ते ऐक. तुझ्या आत्याचं मला ठाऊक नव्हतं, लग्नाच्या बोलण्यात तुमच्याकडून कुणी ते काढलं नाही. तुमच्याकडे दोन पिढ्यांत कुणी हातोडा धरला नाही. तुमच्याकडे भांडं म्हणजे लग्नात आलेलं, नाहीतर परत गेलेलं. आमच्या दुकानात तसं नव्हतं. नाव चुकलं की खरवडायचं आणि बरोबर घालायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी दुकानातली मुलगी, मला दुसरा अर्थ सुचलाच नाही.

आणि सौ. का नाही, उमाकांत का नाही, तेही ऐक. त्या खोल रेघा काढता काढता पत्रा इतका पातळ झाला होता की बोटाने दाबला तर दबायचा. फक्त मध्ये तेवढ्यापुरती जाडी उरली होती. दोन अक्षरांपलीकडे छिन्नी चालवली असती तर भोक पडलं असतं. गुलाबचंदजींनी स्वतः सांगितलं, "बस, माँजी, यहीं रुक जाओ." मी थांबले. त्या दोन अक्षरांत मला तू दिसत होतीस. त्यांत तुझ्या नवऱ्याचं नाव नाही हे मला दिसलं नाही. आपल्या अक्षरावर खूश असलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही.

काल उमाकांतला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "तू तिला न सांगता तिचं नाव बदललंस. पुन्हा एकदा."

तू त्याच्यावर रागावू नकोस. त्याला खरंच माहीत नव्हतं. माझ्यावर रागाव, माझी त्याला हरकत नाही. पण दोन तारखेला निघ. मी तुमच्या खोल्यांची पायरी चढणार नाही, तसं लेखी देते.

रत्नप्रभा


जयपूर, ११ जुलै १९६१

वीणा,

दोन तारखेला मी स्टेशनवर गेले होते. उमाकांतही आला होता, पण फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. गाडी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग एकाच टांग्याने घरी आलो.

आज सकाळी तो नागपूरला निघाला आहे. हे पत्र त्याच्यामागून पोचेल. डबा दिला, घेतला. "तिला काय सांगू?" असं त्याने दारात विचारलं. सबंध आठवडा मी जुळवत होते ते त्या वेळी काही आठवलं नाही. मी म्हटलं, "पाऊस लागला असेल तिकडे, छत्री घे." पोराने घेतली.

शिबिर संपलं. शेवटच्या दिवशी गुलाबचंदजींनी सगळ्यांचं काम मांडलं. मोरच मोर. माझ्याकडे मांडायला काही नव्हतं, माझं काम तुझ्याकडे आहे. मधुमती माझ्याजवळ येऊन रडली, म्हणाली, "मीच ते न्यायला नको होतं, ताई." तिचा काय दोष. तिला मी आग्रहाने दिलं होतं, ट्रंकेत जागा नव्हती तर तिच्या साड्या काढून तांब्या ठेवला होता.

तो आला की त्याला परत पाठवू नकोस, एवढंच.

रत्नप्रभा


जयपूर, १७ सप्टेंबर १९६१

चि. सौ. वीणास,

उमाकांतने नागपूरच्या शाखेत बदली मागून घेतली, हे त्याच्या कार्डावरून कळलं. धंतोलीत जागा मिळाली, तू तिथल्या शाळेत जाऊ लागलीस, तुझ्या आईबापूंचं घर हाकेच्या अंतरावर आहे. वाचून मी देवापुढे साखर ठेवली. हे खोटं नाही. तुमचं मोडलं असतं तर त्या दोन अक्षरांपायी मोडलं असतं, आणि ते घेऊन मी किती वर्षं जगले असते कोण जाणे.

तू इकडे येणार नाहीस असं त्याला स्पष्ट सांगितलंस, तेही त्याने लिहिलं आहे. "त्या घरात मी पाय ठेवणार नाही, पण तुम्ही राहायला आलात तर दार उघडं आहे," असं तू म्हणालीस. तो माझ्याकडे बघून जमिनीकडे बघायचा, तुझ्याकडे बघून निघून आला. बरं झालं. त्याच्या वडिलांना हयातीत हे कधी जमलं नव्हतं.

त्याने अंथरुणं, मच्छरदाणी आणि गणिताची जुनी पुस्तकं मागवली होती. रेल्वेने पाठवली, पोचली असतील. भांड्यांबद्दल त्याने काही लिहिलं नाही. माळ्यावर आहेत तशीच आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही आणि लावणार नाही. तुला हवी तेव्हा, हवी तशी ने. नको असली तरी माझं काही म्हणणं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला निरोप पाठवला होता, आठवड्यातून दोन दिवस मुलींना पितळेचं काम शिकवाल का म्हणून. ज्या दारातून मी तुला आत जाऊ दिलं नाही, त्यातून आपण जायचं, हे मला होईना. नाही म्हणून कळवलं. मधुमती म्हणते हा नुसता हट्ट आहे. असेल. त्याने तुझा काही फायदा होत नाही, हे मलाही कळतं.

घर मोठं झालं आहे. सकाळी अजून तीन माणसांचा चहा टाकते आणि मग ओतून देते. तुझा माझ्याशी अबोला असायचा, उमाकांत तर मुळातच मुका, तरी या घरात आवाज होता. तू स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायचीस. राग आला की तर फारच. मी आतल्या खोलीतून ओरडायचे, हळू. आता कुणाला सांगू.

हे सगळं लिहायला मी कागद घेतला नव्हता. मायना लिहून झाल्यावर एकच ओळ लिहायची होती, ती पुढे ढकलत इथपर्यंत आले. दिवाळी दोन महिन्यांवर आली. उमाकांतच्या कार्डात मी यावं असं नाही, येऊ नये असंही नाही. त्याला विचारलं तर तो तुझ्याकडे बघेल आणि तू काय म्हणालीस ते मला त्याच्या अक्षरात येईल. तसं मला नको आहे. म्हणून तुलाच विचारते.

मी येऊ का?

जास्त नाही, पाडव्याला येईन आणि भाऊबीज झाली की निघेन. उतरायला मधुमतीच्या बहिणीचं घर आहे, तुझ्याकडे जेवायला बोलावलंस तर येईन. नाही म्हणायचं असेल तर तेही तूच लिही. तुझ्या हातचं 'नाही' मी वाचेन.

रत्नप्रभा